पिवळ्यांचं बी

पुणे, ८ जुलै २०२४

प्रिय आत्या, सलाम.

तुझा खोका काल वाकडेवाडीच्या स्टँडवर मिळाला. रेशमाच्या अळ्या सगळ्या जिवंत, गुटगुटीत, वर अंथरलेला तुतीचा पालासुद्धा ओला. शेजारच्या श्रीमंतकाकांना सांग, कंडक्टरने या वेळी खोका टपावर न टाकता स्वतःच्या सीटखाली ठेवला होता. पप्पा हसतात, म्हणतात रतनला कमी ऐकू यायला लागल्यापासून आपल्या घरात पत्रं लिहिणारी तू एकटीच उरलीस. हसू देत. फोनवर मी घसा फोडून ओरडायचे आणि तू आपली "जेवलीस का" एवढंच विचारायचीस. त्यापेक्षा येत्याजात्या खोक्यातून पत्र बरं.

तू विचारलं होतंस, एवढ्या अळ्या नेऊन मी करते काय. आम्ही किड्यांच्या पेशी बाटलीत वाढवतो. पेशी म्हणजे अंगाचा लहानात लहान जिवंत कण. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. अशा पेशींत पुढे लसी तयार करता येतात. पण नुसत्या साखरपाण्यावर त्या वाढत नाहीत. "वाढा गं" असं त्यांना सांगणारं काहीतरी लागतं. त्यासाठी आजवर वासरांच्या रक्तातलं पाणी वापरतात. ते कसं मिळवतात हे तुला सांगवत नाही. तसंच सांगणारं काहीतरी अळीच्या रक्तातही असतं. ते नेमकं काय, हे शोधणं म्हणजे माझी पीएचडी.

आता खरी बातमी. तू पाठवतेस त्या पांढऱ्या, सरकारी अळ्यांच्या रक्तावर पेशी बऱ्या वाढतात. पण मागच्या वेळी तू गंमत म्हणून थोड्या पिवळ्या घातल्या होत्यास ना? त्यांचं रक्त घातलं आणि आत्या, बाटली अशी भरली की माझ्या गाइड मॅडम पुन्हा पुन्हा येऊन बघून गेल्या. एका पिवळीच्या अंगातल्या पेशी मी वेगळ्या बाटलीतही लावल्यात. त्याही जगल्या. हे पिवळं बी तू आणलंस कुठून? इथे कुणाकडेच नाही.

तुझी,
प्रार्थना

*

घोडेगाव, २१ जुलै २०२४

प्रिय प्रार्थना हिस आत्याचा सलाम.

चष्म्याची काडी मोडलीय. दोरा बांधून वाचलं तुझं पत्र. लई आनंद झाला. माझ्या पिवळ्यांचं कुनीतरी कौतुक केलं गं! हितं तर सगळे हसत्यात. कोष बारका, धागा कमी, यापारी हातात बी घेत न्हाई. श्रीमंत म्हनतो, रतनबाई, ह्या कशाला पोसताय, फुकट पाला खात्यात.

ते बी तुझ्या मामांचं, आमच्या मालकांचं. हे, सूर्यभान, एका संस्थेच्या रेशीम केंद्रात कामाला हुते. केंद्र बंद झालं तवा साहेबांनी सांगितलं, जुनं सगळं बी पुरून टाका, आता सरकारी पांढरं येनार. ह्यांनी खड्डा खनला, सगळं पुरलं, आन् एक अंड्यांचा कागद शर्टाच्या खिशात घालून घरी आले. मला म्हनले, रतन, ह्यानला मारायला माझा हात उचलंना. आमाला लेकरू न्हवतं. पिवळ्याच लेकरावानी झाल्या.

ह्यांचं एक अवघड हाय. पांढऱ्यांची अंडी थंडीत ठिवता येत्यात. ह्यांची न्हाई. अंडं घातलं की आठ-धा दिसात फुटतंच, मग पाला द्यायलाच लागतो, बारा म्हैने. म्हनून तर मी कुटं जात न्हाई. तुझ्या बापाच्या साठीला आले न्हाई म्हनून तो अजून रुसलाय, त्येला हे सांग. पुनं बघायचं लई मनात हाय पन ह्यानला कुनावर टाकू?

पिवळ्या दोन पाळ्यात करते. एक पाळी लहान असली की दुसरी कोषावर. एकीला काय झालं तर दुसरी असावी, ही मामांची शिस्त.

अळीचं रक्त काढताना तिला दुखतं का, ते खरं सांग.

तुझी आत्या, रतन

*

पुणे, २ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या, सलाम.

दुखतं का, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. आधी बर्फावर ठेवतो. त्या सुस्त होतात, मग पायाला बारीक टोचतो. दुखत असेल तर थोडंच. खरं सांगायचं तर मला माहीत नाही.

काम जोरात आहे. पिवळ्यांचं रक्त उघड्यावर काळं पडतं, म्हणून ते झटपट थंड करून त्याचे वेगवेगळे भाग पाडले. प्रत्येक भाग पेशींना घालून बघितला. एकच भाग असा निघाला की तो घातला की पेशी वाढतात, काढला की थांबतात. म्हणजे जे काय आहे ते त्यात आहे! मॅडम म्हणाल्या, प्रार्थना, याचं नाव शोधून काढलंस तर तुझं नाव होईल. पण नाव शोधायच्या यंत्राला रक्त भरपूर लागतं, आणि एकाच वेळी, एकाच वयाच्या अळ्यांचं. थोडं आज, थोडं महिन्याने असं चालत नाही.

म्हणून एक मागते, आत्या. या खेपेला दोन पाळ्या करू नकोस. सगळं पिवळं बी एकदम काढ. मी दिवाळीच्या आधी दोन दिवस सुट्टी घेऊन येते आणि खोके स्वतः घेऊन जाते. पुढच्या बियाण्यापुरत्या अळ्या तू ठेवच. एकदाच करायचंय.

तुझी,
प्रार्थना

*

घोडेगाव, २२ सप्टेंबर २०२४

प्रिय प्रार्थना हिस आत्याचा सलाम.

तू येनार म्हनून घर झाडायला काढलंय. किती वर्सांनी राहायला येतीयास! भरली वांगी करू का शेंगोळ्या? दोनी करते.

सगळं बी एकदम काढायचं वाचून जरा थांबले. मामा असं कधी करीत न्हवते. दोन दिस मनात घोळवलं. मग म्हनलं, पोरीच्या शिक्षनाचं काम हाय, मामा असते तर त्यानीच खोका उचलून पुन्याला नेला असता. काढलं बाई सगळं. एकबी अंडं मागं ठिवलं न्हाई. आता बारीक बारीक मुंग्यावानी पिल्लं वळवळत्यात.

शेडात पांढऱ्यांची गर्दी हाय म्हनून पिवळ्या आतल्या खोलीत घेतल्यात. तू भाहेरच्या खोलीत निजशील, मधी नुसता पडदा हाय. डास लई झालेत, ओढ्याला पानी तुंबलंय. तुला ठाऊकच हाय, आपल्या घरात धूर न्हाई, अगरबत्ती न्हाई, अत्तर न्हाई. मागं पाळकसाहेब अत्तर लावून आले तर त्यानला बी भाहेर लिंबाखाली बसवून चहा पाजला. तुझ्यासाठी मच्छरदानी धुऊन ठिवलीय. माझ्याकडं एकच हाय, ती तुला देईन.

ये लवकर. वाट बघते.

तुझी आत्या, रतन

*

घोडेगाव, ४ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रार्थना हिस आत्याचा सलाम.

तू नीट पोचलीस असं श्रीमंताच्या मोबाईलवर कळलं. बरं वाटलं.

एक वाईट लिव्हायचं हाय. तू गेल्यावर पिवळ्यांना रोग पडला. ग्रासेरी. सगळ्या गेल्या. बियाला ठिवलेल्या बी गेल्या. माझीच चूक. पाऊस पडून गेल्ता आन् मी पाला न वाळवता तसाच घातला. वय झालं, ध्यान ऱ्हात न्हाई.

तू मनाला लावून घेऊ नको. पांढऱ्या हायेत की. त्या पाठवीन.

जेवत जा येळंवर.

तुझी आत्या, रतन

*

पुणे, ९ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

पत्र मिळालं. सगळ्या? एकही नाही? कुठे एखादा कोष, एखादं अंडं, माळ्यावर, कोष विणायच्या चंद्रिकेत अडकलेलं? नीट बघ ना. मी आणलेल्या खोक्यातल्याही बसमध्येच मरायला लागल्या होत्या. मला वाटलं प्रवासाने, उन्हाने. आता कळतंय, रोग घरूनच आला होता.

राग मानू नकोस, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. ओला पाला घालायचा नाही हे तूच जगाला शिकवतेस ना? एवढी वर्षं केलंस आणि नेमकं याच वेळी? मी मॅडमना काय सांगू? यंत्राची तारीख घेतली होती. आमच्याकडे पिवळ्यांचं जुनं रक्त फक्त एका नळीत उरलंय, तेवढ्यात काही होत नाही. माझं वर्ष वाया गेलं, आत्या.

मेलेल्या अळ्या असतील तर बर्फात घालून पाठव. कुठला रोग ते निदान कळू दे.

प्रार्थना

*

घोडेगाव, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रार्थना हिस सलाम.

मेलेल्या अळ्या पुरल्या. तपासायला काय न्हाई. माळा बघितला, चंद्रिका झटकल्या. काय घावलं न्हाई.

तुझं वर्स वाया गेलं, त्येचं मला लई वाईट वाटतं. मॅडमना माझं नाव सांग. म्हातारी चुकली म्हनावं.

रतन आत्या

*

पुणे, १ डिसेंबर २०२४

आत्या,

हे पत्र लिहायला घेतलं आणि परत परत फाडलं.

बसमध्ये मेलेल्या अळ्या मी फेकल्या नव्हत्या, फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या. तुझा रोग कुठला ते शोधून काढायचं होतं मला. खरं बोलते, तुझी चूक कागदावर पक्की करायची होती. परवा त्या काढून बघितल्या. ग्रासेरी झाली की अळीच्या रक्तात विषाणूचे चमकणारे खडे दिसतात. एकही नव्हता. अळ्या फुगलेल्या नव्हत्या, उलट आखडलेल्या. तोंडाशी हिरवं वाळलेलं. हे रोगाने होत नाही, विषाने होतं. मला वाटलं शेजारच्या कपाशीवरचं औषध वाऱ्याने आलं असेल. तुला तसं कळवावं म्हणून आनंदाने पत्राला कागद काढायला गेले. कागद मी प्रवासाच्या पिशवीत ठेवते.

पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात काहीतरी हाताला लागलं. जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेलं. उघडलं तर माझं डासांचं मशीन, ते प्लगला लावायचं, लिक्विडवालं. पहिल्या रात्री तू मला मच्छरदाणी दिलीस आणि स्वतः उघडी झोपलीस. तुला डास चावतील म्हणून मी ते पडद्याजवळच्या प्लगला लावलं. धूर नाही, वास नाही, म्हणून काही वाटलंच नाही. दोन्ही रात्री ते चालू होतं. निघायच्या सकाळी मी ते काढल्याचं मला आठवत नाही. मी ते काढलंच नव्हतं. आणि कॅलेंडरचं पान तुझ्या चर्चचं आहे.

आत्या, मी दिवसभर किड्यांच्या पेशींत असते. कुठल्या थेंबाने त्या वाढतात आणि कुठल्याने मरतात हे मी लोकांना भाषणं करून सांगते. आणि अळी हा किडाच आहे, डासाला मारतं ते अळीलाही मारणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कुणी परकं असतं तर त्याला तू दारातच अडवलं असतंस. मला घरची म्हणून आत घेतलंस.

आणि सगळं बी एकदम काढ, हेही मीच सांगितलं होतं.

त्यावर मी तुलाच बोलले. ओल्या पाल्यावरून. ते पत्र तुझ्याकडे असेल तर चुलीत घाल. तू मला का नाही सांगितलंस गं? मी माफी मागायला कुठल्या तोंडाने येऊ?

प्रार्थना

*

घोडेगाव, १२ डिसेंबर २०२४

प्रिय प्रार्थना हिस आत्याचा सलाम.

रडू नको. आधी हे वाच.

व्हय, मला ठाऊक हुतं. तू न्हायला गेल्तीस तवा मी अंथरून काढाया आले, तर पडद्यामागं लाल दिवा दिसला. तशीच आत गेले. पिवळ्या डोकी वर करून बसल्या हुत्या, काई वळवळत हुत्या, काईंच्या तोंडाला हिरवं. मामा असताना येकदा शेजारच्या फवारनीनं असंच झाल्तं, म्हनून वळखलं. ते मशीन काढलं, पानात गुंडाळलं, तुझ्या पिशवीत घातलं. तोवर तू केस पुसत आलीस आन् म्हनलीस, आत्या, इतकी छान झोप लई दिसांनी लागली. मग मला काय बोलवंना.

तुला खोका दिला तवा मी म्हनले हुते ना, खिडकीपाशी बस, खोका उघड्या हवेला ठिव? हवा लागली तर त्यातल्या तरी जगतील, असं वाटलं. तुझ्याकडं चार जगल्या असत्या तर बी राह्यलं असतं. म्हनून तुझ्या पत्राची वाट बघत हुते. तू लिव्हलंस त्या बी मेल्या. तवा आशा सोडली.

राग आला न्हाई असं म्हनले तर खोटं हुईल. आता खोटं बास झालं. लई राग आला. तू गेल्यावर मी ट्रे येकामागं येक घासले आन् रडले. मामांनी खिशातून आनलेलं बी माझ्या राज्यात संपलं. तुझं ओल्या पाल्याचं पत्र आलं तवा तर वाटलं, सरळ लिव्हून टाकावं. लिव्हलं बी हुतं. मग तुझ्या बापाची आठवन झाली. त्येनं शाळेत येकदा दुसऱ्या पोराची चूक सोताच्या अंगावर घेऊन छड्या खाल्ल्या हुत्या. तवा मी त्येला येडा म्हनले हुते.

मला डासांनी खाऊ नये म्हनून तू ते लावलंस, हे तुझं पत्र वाचून आत्ता कळलं. मला वाटलं हुतं सोतासाठी लावलं. आता मला कुनावर रागवावं तेच समजंना झालंय.

चुलीत काय घातलं न्हाई. तुझी सगळी पत्रं हायेत.

नाताळ झाला की मी पुन्याला येते. आता मला कोन अडवनार? घरात पाला मागनारं कुनी न्हाई. त्या तुझ्या बाटलीत माझ्या पिवळीचं काईतरी जगलंय म्हनलीस, ते दाव.

तुझी आत्या, रतन

*

पुणे, २० जानेवारी २०२५

प्रिय आत्या, सलाम.

तू पोचल्याचं श्रीमंतकाकांनी कळवलं. पप्पा अजून सगळ्यांना सांगत फिरतायत, रतन आली होती, रतन आली होती.

तू जाताना म्हणालीस ना, ती शेवटची नळी सांभाळून ठेवून काय लोणचं घालणार आहेस, लाव तुझ्या यंत्राला. तुझं ऐकून लावली. निकाल आला. रक्तातलं काय पेशींना वाढवतं, याचा शोध आम्ही दोन नावांपर्यंत आणला. दोन प्रोटीन आहेत, त्यांपैकी एक. कुठलं एक, ते ठरवायला आणखी एक खेप रक्त हवं होतं. ते आता नाही. मॅडम म्हणतात तेवढ्यावरही प्रबंध होईल, दोन नावं म्हणजे कमी नाही. होईल. पण शेवटच्या पानावर "अधिक नमुना उपलब्ध नसल्याने" असं एक वाक्य लिहावं लागेल. लोक ते वाचून पुढे जातील. मला जाता येणार नाही.

पेशी मात्र जोरात आहेत. पिवळ्यांच्या रक्ताशिवाय त्या आता हळू वाढतात, पण वाढतात. त्यातल्या काही अतिथंड टाकीत गोठवूनही ठेवल्यात, त्या कितीही वर्षं राहतील. बाटलीवर नंबर लिहायची पद्धत आहे. मी नंबरापुढे "सूर्यभान" लिहिलंय. मॅडमनी विचारलं हे कोण. म्हटलं, आमचे मामा.

तू मायक्रोस्कोपमधून बघितलंस आणि जे विचारलंस, त्याला मी तोंडावर उत्तर दिलं. तेव्हापासून वाटतंय, जरा सांभाळून बोलायला हवं होतं.

तुझी,
प्रार्थना

*

घोडेगाव, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रार्थना हिस आत्याचा सलाम.

सांभाळून कशाला? मी इचारलं, ह्यातली येक तरी पाला खाईल का. तू न्हाई म्हनलीस. बरं केलंस. उगा, बघू आत्या, करू काईतरी, असं म्हनली असतीस तर मी वाट बघत बसले असते. मी तुझ्यापासून लपवलं, त्यानं काय भलं झालं? तू तिकडं म्हैनाभर मला बोलत बसलीस आन् मी हितं आतल्या आत जळले.

त्या काचेतल्या गोल गोल टिकल्या बघून मला पिवळ्यांची काय वळख पटली न्हाई, खरं सांगते. पन त्या जित्या हायेत, आन् त्यांच्यावर मामांचं नाव हाय. चर्चमधी सगळ्यांना सांगितलं. कुनाला समजलं न्हाई. मला तरी कुटं समजलंय?

सवय मोडंना झालीय बघ. सकाळी उठले की हात आपसुक तुतीच्या शेंड्याकडं जात्यात. पिवळ्यांना कवळा पाला लागायचा ना. वटीभर खुडते, आन् आतल्या खोलीच्या दारात आले की आठवतं. मग शेळीला घालते. ती काय, आनंदानं खाती.

तुझा थर्मोकोलचा खोका माझ्याकडंच राह्यला हुता. रिकामा पाठवायला जीव हुईना, म्हनून तुती भरून पाठवलीय. लई गोड हाय ह्या वर्साला, मॅडमना बी दे. खोका मात्र परत पाठवू नको, तिकडंच ठिव. त्यात घालायला आता माझ्याकडं काय न्हाई.

आता पत्र टपालानं पाठव. पाठव मात्र.

तुझी आत्या, रतन